तालुक्याच्या गावातील वकिली आणि आमदारकी एकत्र चालते का?

प्रश्न (विधी शाखेची विद्यार्थिनी, सोलापूर):
मी विधी शाखेच्या अंतिम वर्षाला आहे. सांगोल्यात वकिली करणारे गणपतराव देशमुख अकरा वेळा विधानसभेवर निवडून गेले. त्या प्रदीर्घ कारकिर्दीत वकिलीचा त्यांना नेमका काय उपयोग झाला असेल? शिवाय आमदार झाल्यावर वकिली करता येते, की सनद (वकिलीचा परवाना) स्थगित ठेवावी लागते?

उत्तर १ (वकील, जिल्हा न्यायालय):
सनद स्थगित ठेवावी लागत नाही. बार कौन्सिलच्या नियमांनुसार पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. पण आमदार-खासदारांना मिळणारे वेतन आणि भत्ते म्हणजे सरकारची नोकरी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 मध्ये स्पष्ट केले. खरी अडचण वेळेची आहे. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईला, हिवाळी नागपूरला, आणि उरलेल्या दिवसांत दारात मतदारसंघातली माणसे. अशा स्थितीत उलटतपासाच्या तारखा सांभाळायच्या कशा? ज्याने विश्वासाने वकीलपत्र दिले, त्या पक्षकाराला पुन्हा पुन्हा पुढची तारीख घ्यायला लावणे मला तरी अन्यायाचे वाटते.

उत्तर २ (निवृत्त शिक्षक, सांगोला):
आबांचा, म्हणजे गणपतरावांचा, जन्म मोहोळ तालुक्यातील पेनूरचा. ते 1962 मध्ये प्रथम निवडून आले, 1972 आणि 1995 मध्ये पराभूत झाले, आणि या साऱ्या काळात त्यांनी शेतकरी कामगार पक्ष सोडला नाही. वकिलीचा उपयोग कुठे झाला, हे पाहायचे असेल तर पाण्याचा प्रश्न पाहावा. आमच्या दुष्काळी तालुक्याला कृष्णेचे पाणी मिळणे हा केवळ निधीचा विषय नव्हता. कृष्णेचे पाणी राज्यांमध्ये वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाच्या 1976 च्या अंतिम निवाड्याने महाराष्ट्राच्या वाट्याला 560 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले होते आणि 31 मे 2000 नंतर त्या निवाड्याचा फेरविचार होऊ शकत होता. आपल्या वाट्याचे पाणी त्याआधी अडवले आणि वापरले नाही तर त्यावरचा दावा कमकुवत होईल, ही चिंता त्यातूनच आली. कृष्णा खोरे विकास महामंडळ 1996 मध्ये स्थापन झाले तेही याच पार्श्वभूमीवर. आटपाडीच्या पाणी परिषदांमध्ये स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींसोबत आबा उभे राहिले, तेव्हा मोर्च्यामागे निवाड्यातील शब्दांचा आधार होता. निवाडा, अधिनियम आणि त्याखालचे नियम हे तिन्ही वेगवेगळे वाचण्याची सवय वकिलाला असते, आणि सभागृहात ती अतिशय मोलाची ठरते.

उत्तर ३ (पक्षकार्यकर्ता, सोलापूर):
गुरुजींचा मुद्दा योग्य आहे, परंतु वकिलीला सगळे श्रेय देणे मला पटत नाही. कायदा जाणणारे अनेक जण एकदा निवडून येतात आणि पुढच्या निवडणुकीत मागे पडतात. सांगोल्यात गावोगावी पक्षाचे कार्यकर्ते होते, सहकारी सूतगिरणी होती, आणि एसटीने प्रवास करणारा आमदार लोकांना सहज भेटत होता. ताईंना या वाटेने जायचे असेल तर निदान काही वर्षे तालुका न्यायालयात जमिनीच्या वाटपाचे, बांधाचे आणि विहिरीच्या पाण्याचे दावे चालवावेत. सातबाऱ्यावरील एका नोंदीने घर कसे मोडते, हे तिथे कळते. त्याबरोबरच विधानसभेच्या कामकाजाचे छापील वृत्तांत वाचावेत. तारांकित प्रश्नाला (ज्याचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात) मिळालेल्या उत्तरावर उपप्रश्न कसा विचारायचा, हे त्यांतून शिकता येते.