रसग्रहण शिकवायचं की घोटून घ्यायचं?

पाटीपेन्सिल (मराठी शिक्षिका, नागपूर)
दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेत, कवितेच्या रसग्रहणाला 4 गुण. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे तीन परिच्छेद मुलं शिकवणीतून तयार घेऊन येतात. कविता कोणतीही असो, भाषा 'मनाला भिडणारी'च. म्हणून परवा मीच जुळवलेल्या दोन ओळी फळ्यावर लिहिल्या:

अंगणात ऊन आलं,
आजी ओसरीवर सरकली.

जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं, ऊन म्हणजे आशा. एकीनं मात्र विचारलं, "आशा असती तर आजी आत काहून सरकली?" तिनं ओळीतल्या एका शब्दावर बोट ठेवलं. मला हेच शिकवायचंय: अर्थ सांग, आणि तो कशावरून काढलास तेही दाखव.

महालकर
मॅडम, 'आत' हा शब्द ओळीत कुठे आहे? तो मुलीनं पदरचा घातला. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, तेच ऊन तिनं कवितेत पाहिलं. डिसेंबरातली म्हातारी माणसं उन्हाकडेच सरकतात. मी 31 वर्षं शिकवलं. आधी कविता पाठ हव्यात, शब्द कानात मुरायला हवेत. त्याशिवाय मुलं स्वतःचंच मन वाचतात आणि आपण त्याला विचार म्हणतो.

दहावीची आई
3 तासांत 80 गुणांचा पेपर आहे. माझी लेक एकेका ओळीवर विचार करत बसते आणि शेवटचा निबंध अर्धा राहतो. पाठ करणाऱ्या मैत्रिणी पूर्ण पेपर सोडवून बाहेर येतात. परीक्षेपर्यंत तरी साचा असू द्या.

पाटीपेन्सिल
ताई, वेळेची अडचण खरी आहे. साचा मी काढून घेत नाही. पण तो नववीपासूनच हातात दिला, तर विचार करायची वेळ येणार कधी?

सर, 'आत' माझ्याही नजरेतून सुटला. मी तिला शाबासकी देऊन मोकळी झाले, ती चूकच. पण तुम्ही आता जे केलंत, तेच मला वर्गात हवंय. हे पाठांतरातून आपोआप येत असतं, तर शंभर कविता तोंडपाठ असलेल्या मुलांनी उन्हाला डोळे मिटून आशा म्हटलं नसतं.

महालकर
पाठांतराचा मुद्दा मी सोडत नाही. त्या मुलीला उद्या एवढंच विचारा: या ओळींत ऋतू कोणता, आणि तो कोणत्या शब्दावरून कळतो? कळत नसेल, तर तसं लिहिण्याची तिची तयारी आहे का?

पाटीपेन्सिल
विचारते. दुसराच तास आहे.