मोठी कणसं निवडूनही मक्याचा उतारा वाढत नाही
मकावाला: ३ वर्षं झाली, दरवेळी सगळ्यात मोठी कणसं बियाण्याला ठेवतोय पण उतारा काही वाढेना, चुकतंय कुठे?

बीजप्रेमी: काढणीनंतर ढिगातून निवडता ना? मग आई कळते, बाप नाही 😄 पराग वाऱ्याने कुठूनही येतो. उभ्या पिकातच झाडं हेरा, कमजोर झाडांचे तुरे पराग सुटायच्या आधीच खुडा, आणि बांधाकडची झाडं सोडा, त्यांना जागा-ऊन जास्त मिळतं म्हणून कणीस मोठं होतं, त्यात बियाण्याचा गुण नसतो

शेतीवेडा: वाण हायब्रिड आहे का? असेल तर पुढच्या पिढीत जोम घटणारच.

मकावाला: नाही हो, सरळ वाण.

शेतीवेडा: मग २-४ कणसांचंच बी धरू नका, शंभरेक झाडांचं मिसळा, नाहीतर घरातल्या घरात संकर होऊन पीक खुरटतं. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १८९६ पासून मक्याच्या दाण्यातल्या तेल-प्रथिनांसाठी निवड चालली, शंभर पिढ्या! उतारा तर त्याहून हट्टी, लवकर हलत नाही.