टाइप २ मधुमेह : कर्बोदकं तोडायची की नुसती मोजायची?

निशाचर :
शरीराला साखर आवरत नाही, तरी ताटात निम्म्याहून जास्त कर्बोदकं वाढायची आणि वर गोळ्या द्यायच्या, यात कसलं शहाणपण? जेवणानंतर साखर सर्वात जास्त चढवतात ती कर्बोदकंच. ती कमी केल्याने साखर आटोक्यात येते याला सर्वाधिक पुरावा आहे, असं अमेरिकन डायबेटिस असोसिएशनचा २०१९ चा अहवालही म्हणतो. मग तोडायला भीती कसली?

खवचट :
सगळ्यांना लागू पडेल असं कर्बोदकांचं एकच प्रमाण नाही, हेही त्याच अहवालात आहे. ते सोयीने गाळलंत! आणि ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' चाचणीचं काय? रोज साधारण ८५० कॅलरींचा द्रवाहार, तीन ते पाच महिने. वर्षभराने ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांशिवाय माघारी गेला. त्या आहारातल्या जवळपास ५९ टक्के कॅलरी कर्बोदकांच्या होत्या. वजन उतरलं, यकृतातली चरबी घटली, साखर वठणीवर आली.

निशाचर :
टक्केवारीची हातचलाखी. ८५० चे ५९ टक्के म्हणजे जेमतेम १२५ ग्रॅम. २००० कॅलरींच्या जेवणात निम्म्या कर्बोदकांच्या धरल्या तर होतात २५० ग्रॅम. निम्मी तोडलीच की!

खवचट :
आकडे बरोबर, निष्कर्ष नाही. स्निग्ध पदार्थ तर त्याहून जास्त छाटले होते. श्रेय एकट्या कर्बोदकांना कसं? शिवाय कमी कर्बोदकांचा सहा महिन्यांत दिसणारा फायदा वर्षभरात बराच ओसरतो.

निशाचर :
कारण लोक पथ्य सोडतात. गोळी थांबवल्यावर साखर वाढली तर दोष गोळीला देता का?

खवचट :
वर्षभरही पाळवत नाही ते पथ्य काय कामाचं?

मधलीसुट्टी :
कडधान्यं आणि साखरेचं सरबत एकाच पारड्यात का टाकताय दोघे? आधी भाज्या-प्रथिनं आणि शेवटी पिष्टमय पदार्थ, एवढा क्रम बदलला तरी जेवणानंतरचा चढ कमी होतो.

सलाईन :
वाद चालू द्या, पण वाचून कुणी उद्यापासूनच कर्बोदकं बंद करेल म्हणून लिहिते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी चालू असताना कर्बोदकं एकदम तोडली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या घेणाऱ्यांना तर किटोअॅसिडोसिसचा, म्हणजे रक्तात आम्ल साचण्याचा धोका, आणि त्यात मीटरवरची साखर फारशी वाढलेली नसते, म्हणून चटकन लक्षातही येत नाही. आधी डॉक्टरांकडून औषधं नीट जुळवून घ्या.

निशाचर :
सलाईनताई, हे शंभर टक्के मान्य. पण आहार बदलून डोस उतरवता येतो, हे गोळ्या वाढवण्याआधी किती जणांना सांगितलं जातं?