शांतता करार झाल्यावरही युद्ध पुन्हा का पेटतं?

वाटाड्या: कायमच्या जागतिक शांततेचा विषय निघाला की चर्चा मनपरिवर्तनावर जाते. मला यंत्रणा समजून घ्यायची आहे. सह्या झाल्यावरही लढाई का सुरू होते? ती टाळायला काय लागतं?

शमी: जो आधी शस्त्र ठेवतो तो उघडा पडतो. या भीतीने दोन्ही बाजू थोडी फौज हाताशी राखतात. म्हणून क्रम फार महत्त्वाचा: सैनिक छावणीत आणणं, नोंद, शस्त्रं जमा, दोन्हीकडच्यांचं एकत्र सैन्य आणि त्यानंतरच मतदान.

आफ्रिकेतल्या अंगोला आणि मोझांबिक या देशांमधली यादवी युद्धं शेजारी ठेवून पाहा. अंगोलात करार १९९१ चा. संयुक्त राष्ट्रांचे लष्करी निरीक्षक जेमतेम ३५०. फौजा पुरत्या मोडलेल्या नसताना सप्टेंबर १९९२ मध्ये मतदान उरकलं. युनिटा या बंडखोर संघटनेने निकाल नाकारला, सैन्य होतंच. युद्ध कायमचं थांबायला २००२ उजाडलं. मोझांबिकचा करार ऑक्टोबर १९९२ चा. तिथे हजारो शांतिसैनिक उतरवले आणि मतदान थेट ऑक्टोबर १९९४ पर्यंत लांबवलं. घरी पाठवलेल्या सैनिकांना दोन वर्षं पैसे मिळत राहिले. तिथल्या रेनामो या बंडखोर संघटनेला राजकीय पक्ष उभा करायला वेगळा निधी दिला, हे मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं. हरलेल्यालाही राजकारणात जागा दिसायला हवी.

कृष्णविवर: सहमत, पण मोझांबिकमध्येही रेनामोकडे सशस्त्र माणसं उरलीच. २०१३ मध्ये चकमकी झाल्या, २०१९ मध्ये पुन्हा करार करावा लागला. जमा झालेल्या बंदुका मोजता येतात, म्हणून देणगीदारांचं लक्ष तिकडे. पैसे संपल्यावर तो सैनिक काय करतो, हे कुणी पाहत नाही.

वाटाड्या: आणि दोन देशांमधलं युद्ध असेल तर?

शमी: तिथे गाडं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत अडतं. १५ पैकी ९ मतं हवीत आणि पाच कायम सदस्यांपैकी एकाचाही नकार चालत नाही. हा नकाराधिकार काढायचा तर संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम १०८ नुसार त्याच पाचांची मंजुरी लागते, त्यामुळे ती वाट जवळपास बंद. पण कलम २७ मध्येच एक तरतूद आहे: वाद शांततेने सोडवण्याच्या ठरावावर वादातल्या सदस्याने मत देऊ नये. ती क्वचितच पाळली जाते. लहान देशांनी दर वेळी तिचा आग्रह धरावा; त्यासाठी सनद बदलावी लागत नाही. शिवाय २०२२ पासून नकाराधिकार वापरला की दहा कामकाजी दिवसांत सगळ्या सदस्य देशांची आमसभा भरते. तिचे ठराव बंधनकारक नसतात, पण नकाराची कारणं सगळ्यांसमोर मांडायची वेळ येते.