माउंटन बाइकला पुढे तीनऐवजी एकच चेनरिंग ठेवावी का?

यवतेश्वरचा_चढ:

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २७.५ इंची चाकांची, फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक आहे. पुढे ४२, ३२ आणि २२ दात्यांच्या तीन चेनरिंग (पेडलजवळच्या दातेरी चकत्या) आणि मागे ११ ते ३२ दात्यांची आठ चकत्यांची कॅसेट (मागच्या चाकावरचा चकत्यांचा संच), असे तिचे कागदोपत्री चोवीस गिअर होतात. साताऱ्यात राहत असल्यामुळे माझे बहुतेक फिरणे यवतेश्वरच्या घाटाने कासच्या बाजूला आणि तिथून कच्च्या वाटांवर असते. पावसाळ्यात पुढच्या डिरेलरमध्ये (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या भागात) तांबडा चिखल असा थापला जातो, की ऐन चढावर २२ च्या चेनरिंगवर यायला चेन नकार देते, किंवा येते ती थेट फ्रेमच्या बाजूला निसटून पडते. ४२ ची चेनरिंग तर महामार्गावर गेलो तरच वापरली जाते. त्यामुळे पुढचा डिरेलर, डावा शिफ्टर (हँडलवरची गिअर बदलण्याची कळ) आणि दोन चेनरिंग काढून टाकून एकाच चेनरिंगवर यावे, असे मनात आहे. मात्र घाट चढताना पाय गळून जातील का, आणि आहे त्याच सामानात हे जमेल का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दातेमोजणी:

आपण सांगितलेल्या चोवीस गिअरांपैकी बरेचसे एकमेकांची पुनरावृत्ती आहेत. आपली कॅसेट बहुधा ११-१३-१५-१८-२१-२४-२८-३२ अशी असेल. तसे असल्यास पुढे ४२ व मागे २१ आणि पुढे २२ व मागे ११ या दोन्ही जोड्यांचे गुणोत्तर (पुढचे दाते भागिले मागचे दाते; ते जितके कमी तितका गिअर हलका) नेमके २.० येते, तर ४२-३२ आणि ३२-२४ या जोड्यांमधला फरक पायाला कळणारही नाही. तेव्हा गिअर किती कमी होणार याची चिंता करण्याचे कारण नाही. पाहायचे ते एवढेच, की आपला सर्वांत हलका गिअर हातचा जातो की राहतो.

आज तो २२ ला ३२, म्हणजे ०.६९ आहे. आपल्या चाकाचा घेर साधारण २.१५ मीटर धरला, तर पेडलच्या एका फेरीत सायकल दीड मीटरच्या थोडी आत पुढे सरकते, आणि मिनिटाला ६० फेऱ्या मारल्यास वेग ताशी ५.३ किलोमीटर पडतो. पुढे फक्त ३२ ठेवून मागची कॅसेट तशीच राहू दिली, तर सर्वांत हलका गिअर १.० होईल, भरलेल्या पाठपिशवीसह घाट चढताना तो गुडघ्यांना सोसणार नाही. मागे ११-४२ ची कॅसेट घेतल्यास ०.७६ मिळेल, म्हणजे आजच्यापेक्षा सुमारे अकरा टक्के जड. मागे ११-४६ घेतल्यास मात्र ३२ ला ४६ हे गुणोत्तर ०.७० येते, जे आजच्या गिअरच्या जवळपास तंतोतंत आहे. आपण गमावाल ते वरच्या टोकाला, कारण ४२-११ चे ३.८२ जाऊन ३२-११ चे २.९१ हाती राहील. मिनिटाला ८५ फेऱ्यांना ताशी सुमारे ३२ किलोमीटर वेग त्यातही मिळतो आणि यवतेश्वरच्या उतारावर पेडल मारण्याची गरज तशीही पडत नाही.

एकाच चेनरिंगची पद्धत रूढ झाली ती मागच्या चकत्या मोठ्या झाल्यामुळे, हे येथे लक्षात घ्यावे. सायकलचे सुटे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने २०१२ मध्ये १०-४२ ची अकरा चकत्यांची कॅसेट आणली आणि २०१६ मध्ये ईगल संचात ती १०-५० पर्यंत नेली. तिच्या स्पर्धक शिमानोने २०१८ च्या एक्सटीआर संचात १०-५१ दिली. मागे जागा न करता पुढचे काढून टाकणे म्हणजे अर्धेच काम होय.

दोनच_पुरेत:

वरील हिशेब बिनचूक आहे, पण खर्चाकडेही पाहावे. मागे ४६ दात्यांची चकती हवी असेल, तर कॅसेटबरोबर डिरेलर, शिफ्टर आणि चेनही बदलावी लागते, आणि जुन्या सायकलवर एवढा पैसा घालणे प्रत्येकाला परवडेल असे नाही.

माझ्या मते आधी केवळ ४२ ची चेनरिंग काढावी. मधली आणि बाहेरची चेनरिंग एकाच बोल्टांनी आवळलेली असते, त्यामुळे बाहेरची काढल्यावर ते बोल्ट लांब पडतात आणि कितीही आवळले तरी मधली चेनरिंग सैलच राहते. म्हणून एकतर आखूड बोल्ट घ्यावेत किंवा ४२ च्या जागी त्याच मापाचा बॅश गार्ड (दाते नसलेली संरक्षक चकती) बसवावा. दगडावर क्रँक (पेडलचा दांडा) आपटली तर तो दातेही वाचवतो. पुढच्या डिरेलरवरचा ‘एच’ खुणेचा स्क्रू आत घेतला, की चेन ३२ च्या बाहेर जात नाही. यात २२-३२ चा हलका गिअर जसाच्या तसा राहतो आणि वरच्या टोकाला २.९१ म्हणजे अगदी एकेरी चेनरिंगइतकेच मिळते. चिखलाचा त्रास मात्र यात पूर्ण जात नाही, हे मान्य करावे लागेल.

यवतेश्वरचा_चढ:

दोघांचेही आभार. चिखल हेच माझ्या तक्रारीचे मूळ असल्यामुळे माझा कल एकेरीकडे आहे. क्रँकला चार बोल्ट आहेत. मागे कॅसेटच आहे की फ्रीव्हील (चाकावर आट्यांनी बसणारा चकत्यांचा संच), हे कसे ओळखावे? शिवाय मधली ३२ ची चेनरिंग अजून चांगली आहे, तीच ठेवली तर चालेल का?

गल्लीतला_मिस्त्री:

मागचे चाक काढून चकत्या उलट दिशेने फिरवाव्यात. मधोमध पाना लावण्याचा खाचांचा भाग चकत्यांबरोबर फिरला तर ती कॅसेट, आणि तो स्थिर राहिला तर आट्यांचे फ्रीव्हील. फ्रीव्हील निघाले तर आधी हब (चाकाचा मधला भाग) बदलण्याचा खर्च धरावा लागेल आणि मग ‘दोनच पुरेत’ यांचाच मार्ग शहाणपणाचा ठरेल.

मधली जुनी चेनरिंग एकटी ठेवू नये. तिचे काही दाते मुद्दाम आखूड केलेले असतात आणि बाजूला चेन उचलणाऱ्या छोट्या पिना असतात, कारण चेन सहज सोडणे हेच तिचे काम आहे. आजवर पुढच्या डिरेलरचा पिंजरा चेनला दोन्ही बाजूंनी आवरत होता. तो निघाला की खडबडीत उतारावर ती पडणारच. त्यासाठी नॅरो-वाइड चेनरिंग घ्यावी. तिचे दाते आळीपाळीने जाड व पातळ असतात आणि चेनच्या रुंद व अरुंद कड्यांमध्ये घट्ट बसतात. क्रँकवर बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास १०४ मिलीमीटर असेल तर ३२ दाती सहज बसते. ती बाहेरच्या नव्हे, मधल्या चेनरिंगच्याच जागी बसवावी, म्हणजे चेन कॅसेटच्या मध्याच्या जवळ सरळ राहते. चेनरिंग, बोल्टांऐवजी, रिव्हेटांनी जोडलेल्या असत्या, तर पूर्ण क्रँकच बदलावी लागली असती.

मागच्या डिरेलरविषयी: आठ चकत्यांच्या संचातले जुने डिरेलर ३२ किंवा ३४ दात्यांपर्यंतच पोहोचतात. हँगर (डिरेलर ज्याला टांगलेला असतो तो फ्रेमचा तुकडा) लांबवणारा जोड लावून लोक ४० पर्यंत काम भागवतात, परंतु ४६ साठी तो खटाटोप करू नये, कारण लहान चकत्यांवर गिअर पडताना अडखळू लागतात. शिमानोच्या क्यूज मालिकेत नऊ चकत्यांची ११-४६ कॅसेट आहे आणि ती आपल्या नेहमीच्या फ्रीहबवर (हबच्या ज्या भागावर कॅसेट सरकवतात त्यावर) बसते. तिच्या चकत्यांमधले अंतर जुन्या संचांपेक्षा वेगळे असल्यामुळे शिफ्टर, डिरेलर व चेन तिच्याच मेळाची घ्यावी लागते. डिरेलर क्लच (त्याचा पिंजरा सहज पुढे झुलू न देणारी यंत्रणा) असलेला निवडावा. दगडधोंड्यांवर चेनचा ढिलेपणा तोच आवरतो.

नवी चेन कापताना ती डिरेलरमधून न घेता पुढची ३२ आणि मागची ४६ या दोन्हींवरून ओढून घ्यावी, जिथे टोके जुळतात त्याच्या पुढे एक रुंद व एक अरुंद अशी दोन कडी मोजावीत आणि मगच तोडावी. जुन्या चेनच्या मापाने कापू नये, कारण तिची लांबी ४२ च्या चेनरिंगसाठी ठरवलेली होती.