पूररेषा कागदावरची धरायची की भिंतीवरच्या खिळ्याची?

प्रयागकाठ
कोल्हापूरजवळच्या आमच्या चिखलीच्या घरात, पूर कुठवर आला ते दाखवणारे तीन खिळे माजघराच्या भिंतीत आहेत. खालचा आजोबांनी १९८९ ला ठोकला, मधला वडिलांनी २००५ ला, वरचा मी २०१९ चं पाणी उतरल्यावर. वरच्याला स्टूल लागलं.

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे मोबाईलवर येतं. पण माझी आई त्या फुटांवर हलत नाही. गोठ्यामागच्या ओढ्याला उलटं पाणी चढलं की ती म्हशी सोडते आणि आम्ही उंचावरच्या सोनतळीची वाट धरतो. ते ४१ ला होतं, चार पावसाळे वहीत लिहून काढलंय. असे खिळे, अशा वह्या नदीकाठी घरोघर असतील. पूररेषेचे नकाशे करताना त्या मोजून घ्या, एवढंच म्हणणं आहे.

लेव्हलमशीन
मी सर्व्हेची कामं करतो. माझा विरोध आहे. २०१९ ला घराघरांतून एकच ऐकलं, "२००५ ला पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं, त्याच्या वर येत नाही." ती माणसं नंतर माळ्यावरून होडीत उतरवावी लागली. तुमच्या मधल्या खिळ्यानंच त्यांना अडकवलं. नकाशावरची निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. ती न पाहिलेल्या पुराचाही हिशेब मांडते. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात, एकेकातून १४२८ क्युसेक. ओढ्याकडे बघून ते कसं कळणार? आणि पाणी रात्री चढलं तर?

शिरोळ_ऊसवाला
रात्री चढलं तर आमच्यात माणूस जागाच असतोय की ओ. नृसिंहवाडीला दक्षिणद्वार झालं, म्हंजे पुराचं पाणी दत्ताच्या देवळात शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं, की खालच्या रानातल्या मोटारी काढायच्या, हे पोरांनाही शिकवावं लागत नाही. पण साहेबांचं एक खरंय. फुगवटा लवकर उतरत नाही तो कशामुळं? मी म्हणतो कर्नाटकातलं अलमट्टी धरण, शेजारी म्हणतो भराव. दोघांचीबी रानं पाण्यात असतात. तिथं विसर्गाचे आकडेच लागतात.

जयंती_नाला
मला दोन्ही बाजू पटत नाहीत. ज्ञान कमी पडलंय कुठं? भराव टाकणाऱ्याला लाल रेषा माहीत असते, प्लॉट विकणाऱ्या जुन्या मालकाला तिथं किती पाणी येतं तेही माहीत असतं. दोघंही गप्प बसले, आम्ही घर घेतलं आणि २०२१ ला तळमजला पाण्यात गेला. शिरोलीजवळ महामार्गाच्या भरावानं पाणी तुंबतं, तिथं पूल करा, असं लोक कधीपासून ओरडताहेत. थांबवायचा अधिकार कुणाकडं आहे ते बोला.

प्रयागकाठ
ताई/दादा, म्हणूनच खिळा नकाशावर हवा. आज हरकत घेताना आम्ही "इथं पाणी येतं" म्हणतो आणि समोरून विचारतात, "पुरावा काय?" समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिली तर तो खिळाच पुरावा.

लेव्हलमशीन, मधल्या खिळ्याचं पटलं. २०१९ ला आम्हीही एक दिवस उशीर केला. दोन रेडकं गेली.

लेव्हलमशीन
रविवारी मशीन घेऊन येतो. जवळचा बेंचमार्क, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची ठरलेली खूण, कुठं आहे, तेवढं ग्रामपंचायतीत विचारून ठेवा. पण वरच्या खिळ्याच्या वर पाणी येणार नाही असं मी लिहून देणार नाही. तुम्हीही आईंना तसं सांगू नका.