मदत हवी आहे: मोनिमस्क पॅरिशची जुनी हद्द आणि जमीन

नमस्कार मंडळी. स्कॉटलंडच्या ॲबर्डीनशायरमधल्या डॉन नदीकाठच्या मोनिमस्क पॅरिशवर (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतला गावपरिसर) काम करतेय. जमीन ग्रॅनाइटची, आम्लधर्मी, दगडगोट्यांची. अठराव्या शतकात तिथले जमीनदार सर आर्चिबाल्ड ग्रँट यांनी इथे प्रचंड झाडं लावली, शेतं वेचून साफ केली, चुना घातला. आज तिथलं हिरवं शिवार बघून मूळची माती किती हलकी होती हे पटतच नाही!

अडलंय ते क्षेत्रफळ आणि हद्दीपाशी. सर जॉन सिंक्लेअर यांनी १७९१ ते १७९९ दरम्यान स्कॉटलंडभरच्या पाद्र्यांकडून प्रत्येक पॅरिशची माहिती लिहून घेतली. त्या काळच्या नोंदींतला एकर बहुधा स्कॉटिश, म्हणजे आजच्या एकराच्या सुमारे सव्वापट. पण काही ठिकाणी कोणता एकर धरलाय ते लिहिलेलंच नसतं. अशा वेळी तुम्ही काय धरता?

शिवाय स्कॉटलंडच्या १८८९ च्या स्थानिक शासन कायद्यानंतर सीमा आयोगाने बऱ्याच पॅरिशचे सुटे तुकडे शेजारच्या पॅरिशला जोडले. त्यामुळे त्याआधीची हद्द हवी असेल तर ऑर्डनन्स सर्व्हेचा (ब्रिटनची सरकारी नकाशा संस्था) पहिल्या आवृत्तीचा सहा इंची (मैलाला सहा इंच) नकाशाच घ्यावा लागतो. तो स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर फुकट बघता येतो. तो क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवून त्यावर मातीचा नकाशा टाकायचाय. नदीकाठची हद्द मात्र नीट जुळत नाही. पात्र सरकलं असेल, तर जुनी हद्द कशाच्या आधारे आखायची?

आपल्याकडचे जुने गावनकाशे किंवा टिपणं कुणी अशी जुळवली असतील तर पद्धत जरूर सांगा. स्थिर खुणा कोणत्या धरल्यात? चर्च, पूल की बांध?